आधारकार्ड नसलेल्या कुटुंबासाठी ठाण्यातली कुठली खिडकी उघडते

हे परीक्षण एका दुकानाचं किंवा एका वस्तूचं नाही. ठाणे जिल्ह्यात नव्याने येऊन राहिलेल्या निर्वासित कुटुंबाला पहिल्या तीन महिन्यांत ज्या सेवांची दारं ठोठवावी लागतात, त्या सगळ्या सेवांना आम्ही एकच कसोटी लावली आहे: हातात आधारकार्ड नसताना काम होतं का? आणि होत नसेल, तर सोबत एखादा स्थानिक माणूस उभा राहिल्याने होतं का? कपड्यांची गाठोडी आणि बिस्किटांचे पुडे गोळा करणारे हात पुष्कळ आहेत. खिडकीपाशी सोबत उभं राहणारा माणूस मात्र शोधावा लागतो. कुठल्या खिडकीवर तो लागतो आणि कुठे कुटुंबाचं स्वतःचं स्वतः निभावतं, एवढं कळलं तरी मदत करणाऱ्याची निम्मी धावपळ वाचते.

निर्वासित म्हटलं की दूरच्या देशातल्या तंबूंचं चित्र डोळ्यासमोर येतं. पण ठाणे जिल्ह्यात एक अख्खं शहर निर्वासितांनी उभं केलं आहे. कल्याणजवळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी कुटुंबांना राहायला दिली गेली, सुमारे एक लाख माणसं तिथे आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून तिचं उल्हासनगर झालं. आजही तिथला पत्ता कॅम्प नंबर आणि बॅरेक नंबरनेच सांगतात. त्याच शहरात आज पाकिस्तानातून आलेली सिंधी हिंदू कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, म्हणजे तिथल्या बोलीत ‘एलटीव्ही’वर राहतात. पुढची बरीचशी माहिती अशा कुटुंबांना लागू पडते, पण सगळी नाही. म्हणून सुरुवात कागदांपासूनच करायला हवी.

आधी कागद कोणता ते पाहा

भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. कायद्याच्या नजरेत हे सगळे परदेशी नागरिक. त्यांना १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा, २०२५ लागू आहे. तरी प्रत्येकाच्या हातातला कागद वेगळा असतो, आणि कुठली खिडकी उघडणार हे त्या कागदावर ठरतं. एलटीव्हीवाल्यांच्या पासपोर्टसोबत मुदत लिहिलेला आदेश असतो. तिबेटी माणसाकडे सरकारने दिलेलं नोंदणी प्रमाणपत्र असतं. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालियातून आलेल्यांकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं, म्हणजे यूएनएचसीआरचं कार्ड असू शकतं. त्याची नोंदणी दिल्लीच्या कार्यालयातून होते. हे कार्ड ओळख आणि संरक्षणासाठी मोलाचं असलं, तरी ते व्हिसा नाही आणि त्यावर आधार निघत नाही. हा फरक ठाऊक नसलेला मदतनीस कुटुंबाला आधार केंद्रावर तीन तीनदा घेऊन जातो आणि दरवेळी त्यांची मान खाली घालवतो.

अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या अल्पसंख्याक समाजांच्या एलटीव्हीधारकांना २०१६ पासून बऱ्याच सवलती आहेत: बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, स्वयंरोजगार, स्वतःला राहण्यापुरतं घर घेणं आणि ज्या राज्यात राहतात त्या राज्यात मोकळं फिरणं. बऱ्याच कुटुंबांना यातलं निम्मंही माहीत नसतं, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनालाही नसतं.

पहिल्याच दिवशी करायचं काम म्हणजे प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, प्रत्येक माणसाचे बारा पासपोर्ट फोटो, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या चेनच्या फोल्डरमध्ये. ठाण्याच्या पावसाळ्यात भिंतीवरून झिरपलेल्या पाण्याने पासपोर्टची शाई पसरली, तर दुसरा पासपोर्ट मागायला ज्या देशातून पळून आले त्याच देशाच्या वकिलातीत जावं लागतं. मूळ कागद कुणाकडेही ‘ठेवायला’ द्यायचे नाहीत. घरमालकाकडे नाही, ठेकेदाराकडे नाही, आणि मदत करणाऱ्याकडेही नाही.

भाड्याचं घर: सर्वांत अवघड खिडकी

सगळ्यात कमी गुण इथे. कायदा वाईट आहे म्हणून नव्हे, तर घरमालक घाबरतो म्हणून. त्याला वाटतं, परदेशी माणूस ठेवला की पोलिसांचा ससेमिरा लागेल. भीती घालवायची तर नियम बोटावर मोजून दाखवावे लागतात, आणि ते तीनच आहेत.

पहिला नियम कराराचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे करार मालकाच्याच फायद्याचा. खर्च फार नाही. बारा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट आणि अकरा महिने मुदत धरली, तर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क साधारण साडेतीनशे रुपये होतं, वर शहरी भागात नोंदणी फी एक हजार. एजंट याच कामाचे कितीही सांगतात, म्हणून हा हिशोब आधीच कागदावर करून घ्या. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: घरबसल्या होणारा ऑनलाइन करार आधारच्या अंगठ्यावर चालतो. भाडेकरूकडे आधार नसेल तर पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयातच जावं लागतं. एजंटला हा त्रास नको असतो, म्हणून तो ‘यांचा करार होत नाही’ असं सांगून मोकळा होतो. करार होतो. सकाळी लवकर जावं आणि दोन साक्षीदार सोबत न्यावेत. साक्षीदार होणं ही शेजाऱ्याने करायची सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी मदत.

दुसरा नियम सी-फॉर्मचा (२०२५च्या नव्या नियमांत त्याला ‘फॉर्म ३’ म्हणतात). परदेशी माणसाला जागा देणाऱ्याने त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर भरायची असते. मालक वयस्कर असेल तर हा फॉर्म त्याच्या शेजारी बसून भरून द्यावा. पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक आणि फोटो हाताशी असले की अर्ध्या तासाचं काम. क्रमांकातला एक आकडा चुकला तर पुढे व्हिसाच्या मुदतवाढीच्या वेळी पत्ता जुळत नाही, म्हणून एकाने वाचावं आणि दुसऱ्याने टंकावं. तिसरा नियम सगळ्याच भाडेकरूंना लागू: स्थानिक पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं. पोच शिक्क्यानिशी घ्या आणि एक प्रत कुटुंबाकडे ठेवा.

मग येते सोसायटी. सरकारने सोसायट्यांसाठी घालून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत आधी कळवली की पुरे. ना-भोगवटा शुल्कही, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्कही, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर लावता येत नाही. हे सेक्रेटरींना भांडून सांगू नये. त्याच इमारतीतल्या एखाद्या जुन्या सभासद काकूंनी हे तिन्ही कागद घेऊन कुटुंबासोबत सेक्रेटरींच्या घरी चहाला जावं. बाहेरून कुणी वकिलाची नोटीस आणण्यापेक्षा या चहाने जास्त काम होतं.

चूल आणि अंथरूण

घर मिळालं की मदतीचा पूर येतो, आणि तो बहुतेक चुकीच्या वस्तूंचा असतो. जुन्या साड्या, एका बाजूचं हँडल तुटलेले कुकर, शोकेसमधल्या काचेच्या बरण्या. दहा बाय बाराच्या खोलीत हे ठेवायला जागा नसते, आणि नको म्हणायची कुटुंबाची हिंमत नसते.

चार माणसांच्या घराला खरोखर लागतं ते असं: झाकणाचे पन्नास लिटरचे दोन ड्रम, दोन बादल्या, दोन टमरेलं, पाच लिटरचा कुकर नव्या रबरी रिंगेसकट, एक तवा, एक कढई, दोन पातेली, चार ताटं-वाट्या-पेले, एक चांगली सुरी, चार चटया आणि चार सोलापुरी चादरी. ड्रम पहिल्या क्रमांकावर आहेत, कारण ठाणे आणि उल्हासनगरच्या अनेक वस्त्यांत पाणी ठराविक वेळीच येतं आणि नव्या माणसाला ती वेळ कुणी सांगत नाही. पाण्याची वेळ लिहून दारामागे चिकटवा. ड्रम आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासून कोरडा करायला सांगा, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच वाढतात. कापसाची गादी पावसाळ्याच्या तोंडावर देऊ नका. ती ओल धरते, पंधरा दिवसांत कुबट वास येतो आणि लहान मुलांचा खोकला हटत नाही. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं, आणि उल्हासनगरचा बाजार तर याच कामासाठी नावाजलेला. नवी मुंबईत राहणाऱ्यांनी धान्यासाठी तुर्भ्याचा बाजार समितीचा आवार बघावा, पण तिथला भाव गोणीचा. तीन-चार कुटुंबांचं एकत्र घ्यायचं असेल तरच ती फेरी परवडते.

गॅसचं मात्र जपून. घरगुती जोडणीला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि तो करार नोंदवेपर्यंत नसतो. तोवर पाच किलोचा मुक्त विक्रीचा सिलिंडर हा आमच्या मते सर्वांत चांगला पर्याय. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र चालतं. चार माणसांच्या स्वयंपाकाला तो साधारण बारा ते पंधरा दिवस पुरतो. किलोमागे तो घरगुतीपेक्षा महाग पडतो, म्हणून कायमचा उपाय म्हणून त्याकडे पाहू नये. रेग्युलेटर विक्रेत्याकडेच लावून पाहावा आणि नळी आयएसआय छापाचीच घ्यावी. कोपऱ्यावर मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे स्वस्त पडतात, पण तिथे जाऊ देऊ नका. ते बेकायदा आहे आणि अशा भरणीत स्फोट होतात.

इंडक्शन शेगडी भेट देणारे पुष्कळ असतात. दोन हजार वॉटची शेगडी सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावली की तिचा भार त्याला झेपत नाही, कारण असं सॉकेट २३० व्होल्टवर जेमतेम तेराशे-चौदाशे वॉट सोसतं. आधी प्लग गरम होतो, मग काळा पडतो, मग फ्यूज उडतो आणि मालकाशी भांडण होतं. खोलीत सोळा अँपिअरचा मोठा पॉइंट असेल तरच इंडक्शन द्या, आणि तळ सपाट असलेलं लोखंडी किंवा चुंबक चिकटणारं स्टीलचं भांडंही सोबत द्या. ॲल्युमिनियमची पातेली त्यावर तापत नाहीत.

किराणा भरून देण्याआधी विचारा. पंधरा दिवसांसाठी पाच किलो तांदूळ, आठ किलो कणीक, दोन किलो डाळी, दीड लिटर तेल, मीठ, साखर, चहा हा अंदाज चार माणसांना पुरतो, पण कुणी भात कमी खातं, कुणाला हलाल हवं असतं, कुणाच्या घरी कांदा-लसूण चालत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे कुटुंबातल्या बाईला सोबत घेऊन बाजारात जाणं. तिला दुकानं कळतात, भाव कळतात, आणि पुढच्या वेळी तुमची गरज लागत नाही.

शाळा: पूर्ण गुण, पण हट्ट लागतो

सगळ्या सेवांत आम्ही सर्वांत वरचं स्थान महापालिकेच्या शाळेला देतो. २००९चा शिक्षणहक्क कायदा ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘प्रत्येक बालक’ म्हणतो. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं, मागे पडलेलं असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, आणि वर्ष अर्धं सरलं तरी नाकारायचा नाही. जन्मदाखला नसेल तर आई-वडिलांचं स्वयंघोषणापत्र चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या आधार निकालात शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही, हेही स्पष्ट केलं आहे.

तरी ‘आधार आणा, मग बघू’ हे उत्तर मिळतंच. त्यात मुख्याध्यापकांचा दुष्टपणा नसतो. ऑनलाइन नोंदणीत आधारचा रकाना रिकामा राहिला की वरून विचारणा होते, त्याची त्यांना धास्ती असते. म्हणून तोंडी विनंती न करता प्रवेशाचा लेखी अर्ज द्या, त्यात कायद्याची कलमं ४, १४ आणि १५ लिहा, दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. पोच मागितली की बहुतेक अर्ज पुढे सरकतात. नाहीच सरकला तर तीच प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागात न्यायची.

माध्यम निवडताना एक चूक फार होते. पाकिस्तानातून आलेलं मूल घरी सिंधी बोलतं, हिंदी समजतं, म्हणून त्याला हिंदी माध्यमात सरळ पाचवीत घालतात. पण ते तिथे अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहायला शिकलेलं असतं. देवनागरी त्याला वाचताच येत नाही. वर्गात ते गप्प बसतं आणि शिक्षकांना वाटतं, मूल मंद आहे. अशा मुलाला रोज चाळीस मिनिटं देवनागरीची बाराखडी शिकवणारी शेजारची कॉलेजची मुलगी मिळाली, तर साधारण तीन महिन्यांत ते वर्गाबरोबर वाचू लागतं. गणितापासून सुरुवात करा, कारण गणित त्याला येत असतं आणि वर्गात पहिल्यांदा हात वर करायला तोच विषय कामी येतो. पहिलीपासून मराठी विषय सगळ्याच माध्यमांत असतो, तेव्हा मराठी आत्ताच सुरू केलेली बरी. चौदा वर्षांपुढच्या मुलांना या कायद्याचा आधार नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग बघावा.

दवाखाना

इथे सोबत फार लागत नाही, भाषा लागते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या रुग्णालयांत, म्हणजे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या रुग्णालयांत, त्यांच्या दराने केसपेपर निघतो. लसीकरण आणि क्षयरोगाची तपासणी व औषधं सगळ्यांना मोफत. महात्मा फुले जनआरोग्य योजना मात्र शिधापत्रिका किंवा अधिवास दाखल्यावर चालते, तेव्हा मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून निघेल असं आश्वासन कुणाला देऊ नका.

मुलाला दुभाषा करू नका. दहा वर्षांच्या मुलीने आईची मासिक पाळीची तक्रार डॉक्टरांना सांगायची, हे दोघींवरही अन्याय करणारं आहे. बाईसाठी बाईच सोबत जावी आणि निघण्याआधी तक्रार, कधीपासून, कुठली औषधं चालू, कशाची ॲलर्जी, एवढं कागदावर मराठीत लिहून न्यावं. झोप उडालेली असते, दार वाजलं की अंगाला कंप सुटतो, अशा माणसाला ‘विसरा ते’ असं सांगून काही होत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि ठाण्यातच प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे.

बाळ इथे जन्मलं तर एकवीस दिवसांच्या आत जन्मनोंदणी करून घ्या. त्या दाखल्याने नागरिकत्व मिळत नाही, पण पुढचा प्रत्येक कागद त्यावरच उभा राहतो. आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच लिहिलं आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी तपासा.

बँक आणि सिम

बँकेत ‘साधं बचत खातं’ मागितलं की नकार येतो. ज्या एलटीव्हीधारकांना २०१६ची सवलत आहे, त्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एक एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयातलं खातं उघडता येतं. हाच शब्द वापरा, आणि छोट्या शाखेऐवजी परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेत जा. सिमकार्ड पासपोर्ट आणि व्हिसावर त्यांच्याच नावाने घ्यावं. दयेपोटी स्वतःच्या नावाचं सिम देणं दोघांनाही अडचणीत आणतं.

वकील, पोलीस आणि मुदत

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि मोफत सल्ल्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२नुसार स्त्रिया, मुलं आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. त्या कलमातही ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ असा शब्द आहे. परदेशी माणसाच्या जिवाचं आणि स्वातंत्र्याचं रक्षण करणं राज्यावर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितलं. पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं तर कुटुंबाला एकटं पाठवू नका आणि न वाचता सही करू देऊ नका. मराठीतला जबाब त्यांच्या भाषेत समजावून सांगितला जाईपर्यंत थांबा.

कुटुंबाचे फोटो, नाव किंवा पत्ता इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, अगदी मदत मागण्यासाठीसुद्धा. मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याची किंमत मोजावी लागू शकते. ‘चार जणांच्या कुटुंबाला कुकर हवा आहे’ एवढं पुरतं.

एलटीव्हीची मुदतवाढ ई-एफआरआरओवर ऑनलाइन भरायची असते आणि पडताळणी पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेमार्फत होते. अर्जाला भारतीय व्यक्तीचं हमीपत्र लागतं. हमी देणारा जामीनदार गावी निघून गेला, मोबाइल नंबर बदलला किंवा घर बदलल्यावर सी-फॉर्म नव्याने भरला नाही, या तीन कारणांनी अर्ज अडकतात. म्हणून मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख कुटुंबाच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनमध्ये आजच टाका. त्या तारखेला जामीनदाराला फोन करा, चालू भाडेकरार आणि सी-फॉर्मची प्रत काढून ठेवा आणि फोटो नवे काढा.